समोरासमोर वाचायची सहा अक्षरं

त्या दिवसाचा मला अजून संताप येतो, आणि जास्त करून माझाच येतो.

बुऱ्हाणपुरात मी कॉलेजात शिकवते. अतिथी विद्वान, म्हणजे नेमणूक दरवर्षी नव्यानं. रेस्ट्रिक्शन एन्झाइम डीएनए नेमका कुठं कापतं, हे मुलींच्या गळी उतरवताना माझ्या नाकी नऊ आले. ती जागा दोन्हीकडून सारखीच वाचली जाते एवढं ऐकलं, की जी ती एकाच धाग्यावरची अक्षरं उलटी वाचून मोकळी व्हायची. शेवटी बारा जणींना दोन रांगांत समोरासमोर उभं केलं, हातात अक्षरांचे कागद दिले. डीएनएच्या दोन धाग्यांवर असतात तशी, ‘ए’समोर ‘टी’, ‘जी’समोर ‘सी’.

"आता दोन्ही रांगांनी आपापल्या डावीकडून वाचा."

दोन्हीकडून एकच आलं: जी ए ए टी टी सी.

"एन्झाइमचे दोन सारखे भाग असतात. दोघांनाही आपापल्या बाजूनं हेच दिसतं, आणि एकेक भाग एकेक धागा कापतो."

फोपनारहून येणारी एक मुलगी ओरडलीच, "मॅडम, म्हणजे दोघं धागे एकच बोलतात!" केळीवाल्यांची पोर. पहिला वर्ग आला तरच इंदूरला एम.एस्सी.ला पाठवू, अशी तिच्या घरची अट होती.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. एन्झाइम कुठं कापतं, हे त्यांनी आधी तिलाच विचारलं. तिनं कागदावर दोन्ही धागे नीट काढले.

"उलटा पढ़ो," परीक्षक म्हणाले. "सी टी टी ए ए जी. कहाँ एक जैसा है? नवजीवन देखो, उलटा भी नवजीवन."

"सर, दूसरा धागा सामने से पढ़ना पड़ता है."

"किसने सिखाया?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मावा जिलेबीची बशी घेऊन उभी होते. पुढच्या वर्षीची नेमणूक, उरलेल्या अकरा जणींचे मार्क, सगळं क्षणात डोक्यातून गेलं.

"सर, जिलेबी घ्या ना," मी म्हणाले.

ती "सॉरी सर" म्हणाली आणि स्वतःच्या हातानं दुसरा धागा खोडून बाहेर गेली. दाराआडून तिचा आवाज आला, "एकच धागा उलटा वाचा गं. दुसऱ्याचं नावच नका काढू."

मग एकामागून एक अकरा जणी आल्या, एकच धागा उलटसुलट सारखा, हे चुकीचं उत्तर न अडखळता देऊन गेल्या. सगळ्यांना पैकीच्या पैकी, तिला निम्मे. तिचा पहिला वर्ग थोडक्यात हुकला. त्या गुणपत्रकावर परीक्षकांच्या सहीखाली माझी सही आहे.