वांगी रंगात दडलेला गुलाबी

एप्रिलअखेरीस नागपूर सोडायला कारण लागत नाही, पण आईला आणि मला चांगलंच मिळालं. आईची कॉलेजातली मैत्रीण सुमनमावशी मूळची जवळच्याच कळमेश्वरची, लग्नानंतर हिमाचलात पालमपूरला स्थायिक झालेली. तिचा फोन आला, "माह्या आयरिसच्या नव्या रोपाइले पहिल्यांदा कळ्या आल्या. ये वं पाहाले!"

दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढे व्होल्वो. विमानापेक्षा बरंच स्वस्त. पाठीचं मात्र विचारू नका. सकाळी हवेत गारवा, समोर बर्फाचे डोंगर, आणि मावशीच्या हातचा झुणका!

मावशी दाढीवाल्या आयरिसचे संकर करते. खालच्या पाकळीवर मऊ केसांचा पट्टा असतो, तीच दाढी. तिला हवं होतं गुलाबी फूल आणि निळी दाढी. म्हणून तिने जांभळ्या फुलावर गुलाबीचे पराग लावले, बी पेरलं आणि तीन वर्षं वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी कळ्या उमलल्या. घरामागच्या चढावरच्या त्या वाफ्यापर्यंत आई गुडघा धरून, थांबत थांबत पोचली. सगळ्या जांभळ्या, त्याही मळकट.

"काहून वं सुमे, वांग्याचाच रंग काढला?" आई म्हणाली.

मावशी हसली. जांभळा रंग अँथोसायनिनचा, जांभळाच्या फळात असतो तसला. गुलाबी मात्र लायकोपीनचा, टोमॅटोतला. या आयरिसमध्ये गुणसूत्रांचे चार संच असतात; गुलाबीचा गुण चारही संचांत असला तरच तो रंग दिसतो. "आत दडून राहिला आहे तो. आता या भावंडाइचंच लग्न लावाचं, म्हणजे दडलेला गुण एखाद्या रोपात एकत्र येईन."

"भावंडाइचं? अवं बाई!"

"फुलाइले चालते."

मावशीने चिमटा उचलला, पण तिचा हात थरथरत होता. दोनदा पराग खाली सांडले. तिने चिमटा खाली घेतला. मग हळूच म्हणाली, "आता जमत नाही मले. अन् पुन्हा तीन वर्षं... मी असन का?"

"तुले कुठं जाचं आहे? दे इकडं." आईने चिमटा घेतला. आयुष्यभर नागपुरात जरीपटका भागात ब्लाउज शिवत आलेला तिचा हात स्थिर होता. मावशी दाखवत गेली, आईने पराग अलगद टेकवले. मी दोऱ्याने खुणेची चिठ्ठी बांधली.

घरी आलो तेव्हा नागपूर भाजत होतं. इथल्या उन्हात आयरिस फुलत नाही, म्हणून कंद आणला नाही. काही आठवड्यांनी मावशीचा व्हिडिओ कॉल आला. फुलाच्या जागी हिरवं, टपोरं बोंड धरलं होतं. दोघी मैत्रिणी पोरींसारख्या ओरडल्या.

फोन ठेवून आई म्हणाली, "डॉक्टरले विचार, गुडघ्याचं ऑपरेशन कधी करते म्हणा."

इतकी वर्षं आम्ही मागे लागलो होतो आणि ती टाळत होती. मी नुसती बघत राहिले.

"पाहून काय राहिली? तीन वर्षांनी तो चढ चढाचा आहे मले."