शेपटीचा प्रश्न

चऱ्होलीत आमच्या सोसायटीसमोर ट्रकचा भार झेलणारे कमानपाटे बसवून देणारे एक गृहस्थ आहेत. ट्रक वळतानाच त्याची चाल बघून ते ओरडतात, "डावीकडनं बसलाय!" माणसांनाही सोडत नाहीत. माझा गुडघा दुखतो हे बायकोच्या आधी त्यांनी ओळखलं. जेवताना मोबाइलवर डायनासोरचे व्हिडिओ लावतात आणि घास हातात धरून पडद्याशी भांडतात.

बिल्डरनं आमच्या गेटवर फायबरचा डायनासोर उभा केला, तेव्हा ते हातातल्या पान्यासकट आले. "शेपूट जमिनीला टेकवलीय? आवो, ही जुनी समजूत हाय. दगडात त्यांच्या पावलांचे ठसे घावलेत, मग शेपटीची रेघ का न्हाई? शेपूट तोल सांभाळायला असती!"

"शोभेचा आहे हो तो," मी म्हणालो.

"म्हंजे शोभेला खोटं चालतं व्हय?"

बिल्डरच्या ऑफिसात ते तीनदा जाऊन आले. तिथले लोक हसले. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी जॅक आणला, खालचे बोल्ट काढले आणि शेपूट वीतभर उचलली. डायनासोर डुलला आणि साऱ्या सोसायटीदेखत तोंडावर आपटला.

सोसायटीचा सेक्रेटरी मीच. तावातावानं खाली गेलो. "आता काय म्हणायचं तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. पडलेल्या धुडावर पाना टकटक वाजवत, माझ्याहून जास्त चिडून म्हणाले, "डोकं भरीव अन् शेपूट पोकळ! असलं जनावर असतं, तर मरायला आभाळातनं दगड पडायची गरजच न्हवती!"