दिलीपचा थर्मोस्टॅट

मी वायरमन आहे. पेणमध्ये वीस वर्षं हेच काम करतोय. "घरात काहीतरी आहे हो, लाइट आपोआप लागते" म्हणून मला बोलावणारे कमी नाहीत. जाऊन बघावं तर कुठेतरी न्यूट्रल ढिला किंवा स्विचमध्ये मुंग्या. त्यामुळे भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आता आहे का? ... वाचा आणि तुम्हीच सांगा.

आम्ही रामवाडीला राहतो. दोन खोल्या, वर पत्रा. माझी बायको मंगल कारखान्यातून गणपतीच्या मूर्ती घरी आणून डोळ्यांची आखणी करते. तिचं हे दुसरं लग्न. पहिला नवरा दिलीप रोह्याला एका कंपनीत वायरमन होता, आजारपणात गेला. म्हणजे धंदाही माझाच! लग्न करून आली तेव्हा तिच्यासोबत एक ट्रंक होती आणि दिलीपचा कूलर. आमच्या दमट हवेत कूलरचा काय उपयोग? सगळी आळी हसली. पण ती हटली नाही.

त्या कूलरला दिलीपने थर्मोस्टॅट बसवला होता. खोली तापली की टक् आवाज करून कूलर आपोआप चालू, गार झाली की बंद. कारण काय, तर आखणी करताना मंगलला कशाचं भान राहत नाही. एकदा रोह्याला भर मे महिन्यात काम करता करता चक्कर येऊन पडली होती. तेव्हापासून ही सोय.

टक् झालं की मंगल हातातला ब्रश थांबवायची, कूलरकडे बघून किंचित हसायची आणि परत कामाला लागायची. बस्स, एवढंच. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची! मी तिला फ्रीज आणला, मिक्सर आणला... फ्रीजकडे बघून कधी हसली नाही.

या मे महिन्यात कूलर चालू होईना. मी उघडला. खोटं कशाला बोलू, दुरुस्तीपेक्षा दिलीपची चूक शोधायला उघडला. आतलं काम बघून जळफळाट झाला. प्रत्येक वायर सरळ, प्रत्येकीवर पेनाने नंबर घातलेला. पण थर्मोस्टॅटच्या तीन पॉइंटांपैकी एका पॉइंटवरची वायर मला चुकीची वाटली, आणि काय आनंद झाला म्हणून सांगू!

"बघ, तुझ्या दिलीपने उलटं जोडलंय."

"उलटं असतं तर इतकी वर्षं चाललं कसं?" मंगल म्हणाली.

मी ऐकतोय कशाला? वायर बदलली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात कूलर धडधडत सुरू, आणि उन्हं चढल्यावर ठार बंद! जन्म गेला इस्त्री आणि गिझर दुरुस्त करण्यात. तिथे तापलं की सप्लाय तोडायचा असतो, कूलरला तापलं की जोडायचा. दिलीपचं बरोबर होतं. मूळ बिघाड म्हणजे नुसता एक स्क्रू ढिला झालेला.

मंगल सहज म्हणाली, "त्यांना बरोबर जमायचं हो."

झालं. मी थर्मोस्टॅटच काढला. त्याला जोडलेल्या दोन्ही वायरींची टोकं वेगवेगळी टेप लावून गुंडाळली, प्लग उपसला आणि सांगितलं, "हा जळालाय, नवीन मागवतो." मागवणार कसला? मी तो बॅगेत टाकला. रोह्याला काम निघालं की कुंडलिका नदीच्या पुलावरून खाली टाकायचा, असं ठरवलं होतं.

आठ दिवसांनी रोह्याचं काम आलं. जाताना घाईत पुलावर थांबलो नाही, म्हटलं येताना टाकू. दुपारी दोनच्या सुमारास एका घरी पंखा बसवत होतो. बॅग खाली गार लादीवर. आणि बॅगेतून आवाज आला — टक्.

म्हटलं, गरम होऊन आली असेल बॅग. परत टक्. मग टक् टक् टक्, थांबेचना. मी स्टुलावरून उतरलो. मंगलला फोन लावला. उचलला नाही. शेजारच्या वनितावहिनींना लावला.

"जरा घरात बघता का? मंगल फोन उचलत नाय."

"आखणीला बसली असंल, भावोजी. कूलर चालू हाय ना, आवाज येतोय इथपर्यंत."

"कूलर चालू असणं शक्यच नाय! दार ढकला आधी!"

मंगल मूर्तींच्या मधे बेशुद्ध पडली होती. तोंड कूलरसमोर. वहिनींनी पाणी मारलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऊन बाधलं, पण अंगावर गार वारा होता म्हणून निभावलं.

वाटेत नागोठणं, गडब... बाइक कशी चालवली, मला आठवत नाही. दवाखान्यात तिला पाहिलं आणि आधी घरी धावलो. कूलर बंद होता. गवतातून पाणी टपकत होतं. प्लग जमिनीवर, मी टाकला होता तिथेच. वायरींच्या टोकांवरची टेप जशीच्या तशी. वहिनींना विचारलं, प्लगला हात लावलात का? "माझ्या जिवाचं पाणी झालेलं, प्लग कुठं बघू?" म्हणाल्या. पण कूलर चालू होता, हे त्या आजही देवाशप्पथ सांगतात.

वीस वर्षांचा अनुभव पणाला लावून मी तो कूलर तीनदा तपासलाय. सप्लायशिवाय मोटर फिरत नाही.

संध्याकाळी मंगलने डोळे उघडले. माझा हात धरला. "तुम्ही कूलर नीट केलात ना? पडता पडता टक् ऐकलं मी. म्हटलं, ह्यांनी लावलाच शेवटी."

मी म्हणालो, "हो."

त्याच रात्री थर्मोस्टॅट परत बसवला, वायर दिलीपच्याच पॉइंटवर. आता टक् झालं की मंगल ब्रश थांबवते आणि माझ्याकडे बघून हसते. तीन वर्षं ज्या हसण्यासाठी जळलो, ते हेच. ते माझं नाही, दिलीपचं आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याला परत करायला हवं...

पण नाही करणार. तिला अजून सांगितलेलं नाही.