माहेर विचारणाऱ्या साळवेबाई

आदरणीय सुशीलाबाई साळवे यांची आणि माझी पहिली ओळख उकळत्या पाण्याच्या भांड्यापाशी झाली. नगर जिल्ह्यातील आमच्या सरकारी दवाखान्यात मी हंगामी शिपाई म्हणून लागलो. बाई तेथे मुख्य परिचारिका होत्या. त्यांनी मला इंजेक्शनच्या सुया उकळायला सांगितल्या. मी स्टोव्ह पेटवला आणि घड्याळाकडे पाहू लागलो. बाई म्हणाल्या, “स्टोव्ह पेटल्यापासून नाही, उकळी फुटल्यापासून मोजायचं. सुईला तुझी घाई कळत नाही.”

बाईंचा काटेकोरपणा सर्वांना सारखाच होता. हात न धुता ड्रेसिंगला आलेल्या डॉक्टरांसमोर त्या नुसत्या साबण धरून उभ्या राहत. डॉक्टर पुटपुटत, पण हात धूत.

परंतु ज्या प्रसंगामुळे मी आज नोकरीत आहे, तो सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया जखमा घेऊन दवाखान्यात येत. केसपेपर पाहून नाव पुकारण्याचे काम माझ्याकडे होते. एकदा मी “गंगूबाई” असे पुकारले, तेव्हा एक बाई उठल्या. मालकांचे नाव विचारताच त्यांनी तोंडाला पदर लावला. आमच्याकडे बाया नवऱ्याचे नाव घेत नाहीत. रांग हसू लागली. मला संकोच वाटला आणि “असू द्या” म्हणून मी त्यांना आत पाठवले. त्या दुसऱ्याच गंगूबाई होत्या. मी दिलेल्या पेपरवर पेनिसिलिन लिहिले होते. त्यांच्या स्वतःच्या पेपरवर मात्र ‘पेनिसिलिन सोसत नाही’ असे तांबड्या पेन्सिलीने लिहिलेले होते. साळवेबाईंनी सुई दिली आणि गंगूबाई श्वास कोंडून कोसळल्या. डॉक्टर धावले, म्हणून वाचल्या.

दुसऱ्या दिवशी बाई त्यांच्या खाटेशी गेल्या. “गंगूबाई, तुम्हाला दुसरीची सुई दिली. चूक आमची.”

गंगूबाई खाटेवर उठून बसल्या. “तुमी सांगितलं म्हनून कळलं, शिस्टर. मी आपलं नशीब म्हनून बसले हुते.”

चौकशीला जिल्ह्याचे साहेब आले. नाव कोणी पुकारले, एवढेच त्यांनी विचारले. हंगामी माणसाला काढायला एक ओळ पुरते. बाई म्हणाल्या, “पुकारलं यानं, पण सुई माझ्या हातची. नाव मीही विचारलं नाही. याला काढलंत तर उद्या नवा येईल, आणि बाया नवऱ्याचं नाव तेव्हाही घेणार नाहीत. मग?”

निवृत्ती वर्षावर आलेली असताना बाईंनी अहवालात स्वतःचे नाव पहिले लिहिले. दोघांनाही लेखी समज मिळाली, पण माझी नोकरी राहिली.

त्यानंतर बाईंच्या सांगण्यावरून प्रत्येक स्त्रीच्या केसपेपरवर माहेर आणि वडिलांचे नाव येऊ लागले. ते आम्ही वाचून दाखवायचे नाही, त्यांनीच सांगायचे. एकदा खिडकीशी, पुन्हा सुईच्या आधी. नवऱ्याच्या नावाला अडणाऱ्या बाया माहेर म्हणताच मोकळ्या होत. “माहेर व्हय? लई लांब हाय, पाथर्डीकडं. बापाला कोंडाजी पैलवान म्हनत्यात.”

रांग हळू सरकू लागली. डॉक्टर वैतागले. “बाई, दवाखाना चालवताय की सोयरीक जुळवताय?”

“सोयरीक चुकली तर निभावता येते, डॉक्टर.”

पुढे शेजारच्या दवाखान्यांनीही आमच्या केसपेपरचा नमुना मागून नेला.

आता बाई निवृत्त आहेत. गेल्या महिन्यात त्या खोकल्याचे औषध घ्यायला रांगेत उभ्या होत्या. मी आदराने त्यांचा पेपर काढून पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही.

“विचार.”

“बाई, तुम्हाला कोण ओळखत नाही?”

“म्हणूनच विचार.”

मी विचारले. बाईंनी माहेर सांगितले, वडिलांचे नाव सांगितले आणि मगच पेपर हातात घेतला.

साठी पूर्ण करणाऱ्या बाईंना उत्तम प्रकृती आणि भरपूर आयुष्य मिळावे, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा आहे. औषधासाठी त्यांना पुन्हा रांगेत उभे राहावे लागू नये. लागलेच, तर मी विचारीन.