नरोलीच्या धाग्याची माशी

नव्वदच्या दशकातली गोष्ट. भाऊबिजेला ताई नाशिकला एकटीच आली. म्हणाली, "हे सुट्टीच्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून असतात. नोकरी सोडून गावी जाऊ म्हणतात." दाजी जळगावकडचे. तापीत गळ टाकत वाढलेला माणूस आता सिल्वासाजवळ नरोलीला धाग्याच्या कारखान्यात होता. मला एकच औषध सुचलं: फ्लाय फिशिंग, म्हणजे गळाला खोटी माशी लावून मासे धरणं. त्यात मलाही काडीची अक्कल नव्हती, ते सोडा.

मुंबईच्या दुकानदाराने सांगितलं तसं केलं. नवशिक्याने नऊ फुटी काठी घ्यावी आणि काठीवर असेल त्याच नंबरची दोरी. इथे दोरीलाच वजन असतं, तीच पिसाची खोटी माशी लांब नेते. माश्या मात्र मी स्वतः निवडल्या. लाल, पिवळ्या, चमचमत्या, अगदी लग्नाच्या बस्त्यासारख्या!

वापीहून शेअर रिक्षाने नरोली गाठलं. भाडं आणि नाक्यावरची गरम भजी वीस रुपयांत भागली. दाजींनी माश्यांची डबी उघडून पाहिली.

"इतला भडक किडा तू कधी देखा का?" म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले. माझं तोंड उतरलं.

"अहो, तो एवढ्या लांबून आलाय, नदी तरी दाखवा," ताई म्हणाली.

दमणगंगेवर दाजींनी सवयीने दोरीला शिसं बांधलं. मी नको म्हणेपर्यंत ते माझ्या टोपीवर आदळलं. शिसं काढून दोन तास माझ्या माश्या फेकल्या, मासा फिरकला नाही. दाजी पाण्यावरचे किडे बघत होते. राखाडी, तांदळाएवढे. मग त्यांनी माझी सगळ्यात महागडी लाल माशी सोलली आणि खिशातला वाया गेलेला राखाडी धागा तिच्या गळाला गुंडाळला. दिवसभर यंत्रावर तुटलेले धागे जोडणारी बोटं ती. दोन मिनिटांत माशी तयार!

तिसऱ्या फेकीला दोरी ताणली.

"लागना रे भाऊ, लागना!" दाजी असे ओरडले की पलीकडे धुणं धुणाऱ्या बायका उठून बघायला लागल्या. वीतभर चंदेरी मासा निघाला. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

तुम्ही जाल तर माश्या थोड्याच घ्या आणि आधी नदीवरचे किडे पाहा. मी काठी तिथेच ठेवून नाशिकला परतलो.

महिन्याने ताईचं पत्र आलं: "गावाचं नाव काढत नाहीत, पण सुट्टीला घरातही सापडत नाहीत. भाजी मलाच आणावी लागते. तुझी काठी घेऊन जा."

मी अजून नेलेली नाही.