काकडीच्या वासाचे मासे

इंग्लंडात, वॉटफर्डला कॅनॉलकाठच्या बाकावर एक म्हातारा फेब्रुवारीभर जाळं दुरुस्त करत बसायचा. ऑफिसला जाताना मला रोज दिसायचा. दोरा दातांत धरून गाठ आवळायचा, अगदी माझे बाबा उजनी धरणावर आवळायचे तशी. आम्ही भोई. घरातली पहिली पदवी माझी, आणि तिचा मला अभिमान आहे.

एकदा थांबून विचारलंच, "इथे कुठले मासे मिळतात?"

"इथे नाही गं, कॅनडात. आमचं सरोवर समुद्राएवढं आहे. वसंतात बर्फ वितळला की बोटभर चंदेरी मासे काठाला येतात. ताज्या काकडीचा वास असतो त्यांना. भाऊ वाट बघतोय."

"मग निघताय कधी?"

"डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. तिसरं वर्ष हे." मग डोळे मिचकावत म्हणाला, "पण उद्या हो म्हणाले, आणि जाळं फाटकं निघालं तर?"

मी शेजारी बसले. बाबांनी मला जाळ्याला कधी हात लावू दिला नाही. "तू पुस्तक धर" म्हणायचे. म्हाताऱ्याला म्हटलं, "मला शिकवा."

त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला. चार गाठी जमल्या. त्यातली एक त्याने सोडायला लावली.

"ही पाण्यात टिकायची नाही," म्हणाला.