हिरव्या ठिपक्यांचा तक्ता

रत्नागिरीतल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात मी काही वर्षं नोंदी ठेवायचं काम केलं. अक्षर बरं म्हणून बाहेरच्या खोलीतला तक्ताही माझ्याच गळ्यात पडला. त्यात दोन रकाने: ताजे गर्भ आणि गोठवलेले गर्भ. गर्भ पोटात सोडल्यावर दोनेक आठवड्यांनी रक्ताची तपासणी ‘दिवस राहिले’ म्हणाली, की मी त्या रकान्यात हिरवा ठिपका चिकटवायचे, नाहीतर तेवढं घर रिकामं राहायचं. पुढे मूल झालं की नाही, याच्याशी तक्त्याला काही देणंघेणं नव्हतं. वितळवताना जे गर्भ टिकत नसत ते तर मोजणीतच येत नसत, त्यामुळे गोठवलेल्यांचा रकाना कायम हिरवागार. हे सगळं मला कळत होतं. कळत नव्हतं म्हणायची सोय नाही.

आतल्या एका गावातली बाई तेव्हा उपचारांना येऊ लागली. नवरा मुंबईला, ती रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधायची. तिचे दोनच गर्भ तयार झाले. लगेच सोडायचे की गोठवून पुढच्या महिन्यात, हे डॉक्टरांनी तिच्यावर सोडलं आणि ती माझ्यासमोर येऊन बसली.

“ताई, तुमी काय सांगाल?”

मी तक्त्याकडे बोट केलं. तिने तो बराच वेळ पाहिला.

“ह्ये कधी मोजलेलं?”

गर्भ सोडल्यावर दोन आठवड्यांनी, असं मी सांगितलं.

“आमच्याकडे कलम बांधल्यावर म्हैन्याभरात पालवी फुटते. पण ती काडीच्या अंगातल्या जिवावर फुटते, मागाहून सुकते पण. दुसरी पालवी येईस्तवर आमी कलम मोजीत नाय.”

मी हसले. “अहो, इथली मोजायची पद्धत वेगळी असते,” म्हणाले. शिकलेली बाई सांगतेय म्हणजे तसंच असणार, असं तिला वाटलं असावं. तिने दोन्ही गर्भ गोठवून घेतले. तो माझा हसरा चेहरा आठवला की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

वितळवताना एक गेला. दुसरा सोडला आणि तपासणी चांगली आली. हिरवा ठिपका मी तिच्यादेखत चिकटवला. तिने त्यावरून हलकेच बोट फिरवलं. दीड महिन्यात तिचं पोट पडलं.

नंतर ती कागद न्यायला आली. पुन्हा करायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. नवरा बाहेर रिक्षापाशी थांबला होता. जाताजाता ती तक्त्यासमोर उभी राहिली.

“ताई, माझा ठिपका काढलात ना?”

“काढला,” मी म्हणाले.

“बरा केलात. उगाच कोण त्याच्यावर आस धरील.”

तक्ता तिच्या डोळ्यांपुढे होता आणि मी खोटं बोलले. तेही न अडखळता. राग, रडणं, भांडण, काहीही चाललं असतं, पण ती मला ‘बरा केलात’ म्हणून गेली, आणि त्याची मला फार लाज वाटली.

ती गेल्यावर मी उठले. ठिपका काढायला नख पुढे केलं आणि थांबले. सगळे ठिपके सारखेच. तिचा कुठला, ते मला ओळखता येईना. खरं तर त्या रकान्यातला कुठलाही एक काढला असता तरी मोजणी तेवढ्यापुरती खरी झाली असती.

मी एकही न काढता जागेवर जाऊन बसले आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.